आत्या, माझ्या वतीने तुम्ही न्यायालयात उभ्या राहिलात

तीर्थस्वरूप आत्यांस,
साष्टांग नमस्कार.

साताऱ्याच्या न्यायालयातले प्रकरण मिटले आणि पैसे खात्यात जमा झाले, त्या दिवशी फोनवर मला तुमच्याशी धड दोन वाक्येही बोलता आली नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहिण्याचे कारण एवढेच, की परदेशात राहून नातेवाइकाला मुखत्यार नेमून चेकचा खटला चालवता येतो का, असे इथले अनेक मराठी लोक मला विचारतात, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते सगळे तुमच्या कामातूनच आलेले आहे.

पुण्यातल्या फ्लॅटचे बुकिंग आपण रद्द केले आणि बिल्डरने परतफेडीचा 8,50,000 रुपयांचा चेक दिला, तेव्हा मी स्टुटगार्टला परतले होते. रद्द करण्याच्या करारावर साक्षीदार म्हणून सही तुमची होती आणि चेकही तुमच्याच हातात दिला गेला होता. 5 जानेवारी 2023 या तारखेचा तो चेक 9 जानेवारीला न वटता परत आला. ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असे लिहिलेला बँकेचा मेमो तुम्ही पाकिटासकट जपून ठेवलात आणि त्याच संध्याकाळी वकिलांकडे गेलात. मी मात्र पुढचे दोन दिवस बिल्डरला फोन करण्यात घालवले. तो ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका’ असे म्हणत राहिला आणि मला ते खरे वाटत होते.

चेक न वटल्यास खटला ज्याखाली चालतो त्या कलम 138 मध्ये दिवसांना किती किंमत आहे हे मला तुमच्यामुळे कळले. चेक परत आल्याचे बँकेकडून समजल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी समोरच्याला 15 दिवस मिळतात आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. नोटीस 27 जानेवारीला पोहोचल्याची पोचपावती हाती येताच तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर 11 फेब्रुवारी आणि 12 मार्च या तारखांना खूण केलीत आणि त्याचा फोटो मला पाठवलात. 12 मार्चला रविवार येतो, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलेत.

मुखत्यारपत्राचा माझा पहिला मसुदा निरुपयोगी होता. मिळकतीच्या व्यवहारांसाठी कोणाकडून तरी घेतलेला तो नमुना होता आणि त्यात फिर्याद, पडताळणी किंवा साक्ष यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. तुम्ही वकिलांसमोर बसून नवा मसुदा करून घेतलात, ज्यात चेकचा क्रमांक आणि रक्कम, माझ्या नावाने फिर्यादीवर सही करण्याचा, शपथेवर साक्ष देण्याचा, अंतरिम भरपाई स्वीकारण्याचा आणि तडजोड करण्याचा अधिकार स्पष्टपणे लिहिलेला होता. तो घेऊन मी 15 फेब्रुवारीला पहाटेच्या गाडीने म्युनिकला गेले आणि तिथल्या भारतीय महावाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही केली. परदेशात केलेल्या अशा दस्तावर तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुरिअर मिळताच तुम्ही मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तेही पूर्ण केलेत आणि 9 मार्चला फिर्याद दाखल झाली.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले, की मुखत्यार फिर्याद दाखल करू शकतो आणि साक्षही देऊ शकतो, मात्र व्यवहाराची माहिती त्याला स्वतःला असली पाहिजे आणि तसे फिर्यादीत स्पष्टपणे लिहिलेले असले पाहिजे. म्हणजे माझ्या सहीने अधिकार मिळाला, पण ती माहिती माझ्या सहीने मिळणारी नव्हती. ती तुमच्याजवळ होती, कारण बुकिंगच्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक वेळी माझ्याबरोबर, आणि मी नसताना माझ्याऐवजी, पुण्याला गेला होतात. उलटतपासात ‘तुम्ही भाचीने सांगितलेलेच सांगत आहात’ असे तुम्हाला सुचवण्यात आले, तेव्हा तुम्ही रद्द करण्याच्या करारावरची स्वतःची सही दाखवलीत. चेक केवळ सुरक्षेपोटी दिला होता हा बचावही त्याच कागदाने लंगडा पडला, कारण रक्कम कशाची आणि कधी परत करायची हे त्यात लिहिलेले होते. वकिलांनी हे मला सांगितले, तुम्ही नाही. तुम्ही त्या संध्याकाळी फक्त ‘साक्ष झाली’ एवढेच म्हणालात.

माझ्या एका चुकीचा त्रासही तुम्हीच सोसलात. मुखत्यारपत्रात दुसऱ्याला अधिकार सोपवण्याची तरतूद मी ठेवली नव्हती आणि स्पष्ट तरतूद नसेल तर मुखत्याराला आपले काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. त्यामुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दादाला तुमच्या जागी पाठवता आले नाही. हजेरीमाफीचा अर्ज देऊन एक तारीख निभावली, पण पुढच्या तारखेला तुम्ही काळा चष्मा लावून कोरेगावहून एसटीने साताऱ्याला गेलात. माझे खाते साताऱ्याच्या शाखेत असल्याने कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीप्रमाणे खटला साताऱ्यात चालला, एवढाच काय तो दिलासा. नाहीतर बिल्डरची बँक पुण्याची म्हणून प्रत्येक तारखेला पुणे गाठावे लागले असते.

असे खटले सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. आपल्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. कित्येकदा तुम्ही दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहिलीत आणि फक्त पुढची तारीख घेऊन परतलात. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर चेकच्या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे 1,70,000 रुपये अंतरिम भरपाई मिळाली आणि तुमच्या साक्षीनंतर समोरून तडजोडीची बोलणी सुरू झाली. तेव्हा मी ‘हप्ते घेऊन मोकळे होऊ’ असे म्हणत होते. तुम्ही मात्र उरलेल्या 6,80,000 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट हातात आल्याशिवाय आणि तो माझ्या खात्यात जमा झाल्याशिवाय तडजोडीच्या पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही केली नाहीत. नवे चेक घेऊन घरी यायचे नाही, असे तुम्ही वकिलांना सांगितलेत म्हणे.

आत्या, तुम्ही माझ्यासाठी जे केलेत त्याबद्दल मी अंतःकरणापासून आभारी आहे. प्रवासाचे आणि झेरॉक्सचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. वहीत लिहिलेले असतील, ते मला हवे आहेत. मुखत्यारपत्र रद्द करण्याचा लेख मी तयार करते आहे, परंतु मूळ प्रत तुमच्याजवळच राहू द्या. दिवाळीला येते आहे, तेव्हा तुमच्याबरोबर साताऱ्याला जाऊन, पुकाऱ्याची वाट पाहत तुम्ही ज्यावर बसत होतात तो न्यायालयातला बाक मला पाहायचा आहे.

आपली,
भाची
स्टुटगार्ट