रोमहून, बाबांच्या प्रश्नाला उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडची माणसं आता मुसोलिनीला काय म्हणतात. मी ओरडून सांगत होते, तरी निम्मं तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय. डोळे दमले की आईकडून वाचून घ्या.

सगळे एकच काही म्हणत नाहीत. स्टेडियमजवळ त्याच्या नावाचा संगमरवरी स्तंभ अजून उभा आहे, अक्षरांसकट. पेपरच्या टपरीवर त्याचा फोटो असलेलं कॅलेंडरही मिळतं. आणि टायबरच्या काठावर, जाकोमो मात्तेओत्तीला जिथून पळवलं तिथे, मात्तेओत्तीचं स्मारक आहे. मी लिहिणार आहे ते त्याच्याबद्दल, कारण हे प्रकरण तुमच्या बीटचं, गुन्ह्यांच्या बातम्यांचं आहे.

मात्तेओत्ती समाजवादी खासदार. एप्रिल 1924 ची निवडणूक मुसोलिनीच्या सत्ताधारी फॅसिस्ट पक्षाने मारहाण करून, दहशत घालून जिंकली, असं त्याने 30 मे रोजी भर सभागृहात, समोर गोंधळ चालू असताना सांगितलं. 10 जूनला दिवसाउजेडी घराजवळून त्याला गाडीत कोंबून नेलं. आता पुढचं बघा. आदल्या दिवशी तिथल्याच एका इमारतीच्या रखवालदार नवरा-बायकोला एक गाडी घुटमळताना दिसली होती. चोर असतील म्हणून त्यांनी नंबर टिपून ठेवला. त्या नंबरावरून माग निघाला तो थेट एका संपादकापर्यंत! फिलिप्पेल्ली नावाचा, सरकारच्या बाजूने लिहिणाऱ्या दैनिकाचा. गाडी त्यानेच मिळवून दिलेली. टोळीचा म्होरक्या दुमिनी 12 तारखेला रेल्वे स्टेशनवर सापडला. प्रेत मात्र ऑगस्टमध्ये शहराबाहेरच्या रानात मिळालं. राजकारण नंतर, आधी गाडीचा नंबर, वेळ आणि साक्षीदार लिहून घ्यायचे, हे तुम्ही प्रत्येक नव्या पोराला सांगायचात. इथे तर ते काम रखवालदारांनीच केलं होतं.

जुलैत सरकारने वर्तमानपत्रांवर निर्बंध आणले. तरी 27 डिसेंबरला जोव्हान्नी आमेंदोलाच्या ‘इल मोंदो’ने मुसोलिनीच्याच प्रसिद्धी विभागाच्या माजी प्रमुखाचं, चेझारे रोस्सीचं, निवेदन छापलं. त्यात बोट सरळ मुसोलिनीकडे होतं. आठवड्याभरात, 3 जानेवारी 1925 ला, मुसोलिनी सभागृहात उभा राहिला आणि जे घडलं त्याची जबाबदारी माझी, असं म्हणाला. कुणी त्याला हात लावला नाही. खरी हुकूमशाही तिथून सुरू झाली.

‘शिकागो ट्रिब्यून’चा जॉर्ज सेल्डस तेव्हा रोममध्ये होता. या खुनाचे धागे मुसोलिनीपर्यंत जातात हे त्याने बाहेरच्या जगाला कळवलं, आणि 1925 मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. पुढे तो 104 वर्षं जगला, शेवटपर्यंत खमका. त्याच वर्षी जुलैत आमेंदोलाला माँतेकातीनीजवळ गाठून गुंडांनी बेदम मारलं. त्यातून तो सावरलाच नाही. एप्रिल 1926 मध्ये फ्रान्समध्ये वारला. सेल्डसचं धाडस मी कमी लेखत नाही. पण परदेशी बातमीदाराला घालवायला एक सीमा असते. इथल्याने बातमी लिहिली तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने घरी यायचं असतं. आई, बाबांना उशीर झाला की तू ओट्यावर का बसून राहायचीस, हे तेव्हा मला कळायचं नाही.

आणि पाहुण्यांचं तर वेगळंच. रवींद्रनाथ 1926 मध्ये सरकारी पाहुणे म्हणून आले, छान छान बोलले. बाहेर पडल्यावर परागंदा झालेल्या लोकांकडून खरं कळलं, तेव्हा त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये जाहीर पत्र छापून हात झटकले. आपले हिंदू महासभेचे डॉ. मुंजे 1931 मध्ये मुसोलिनीला भेटले, मुलांच्या संघटनेची कवायत पाहून खूश होऊन नागपूरला परतले. पाहुण्याला कवायत दाखवतात, पंचनामा नाही.

खटल्याचं सांगायचं राहिलं. तो रोममध्ये चालवलाच नाही. मार्च 1926 मध्ये दूर किएतीला हलवला. दुमिनीचा वकील होता फारिनाच्ची, म्हणजे सत्ताधारी पक्षाचा सरचिटणीस! तिघांना पाच वर्षं, अकरा महिने, वीस दिवस. त्यातली चार वर्षं माफीत गेली. महायुद्ध संपल्यावर, 1947 मध्ये, पुन्हा खटला होऊन जन्मठेप झाली, पण तोवर मुसोलिनीच उरला नव्हता.

मला तुमच्याकडून हवंय ते हे: खटला असा लांबच्या कोर्टात गेला, पेपरवाले जायचं भाडं देईनात, आणि आरोपीचा वकील पुढाऱ्याचा माणूस असला, तर तुम्ही बातमी कुठून काढायचात? कोर्टाचा कारकून, की फिर्यादीचे नातेवाईक? नीट आठवून लिहा, आईला सांगून लिहून घेतलंत तरी चालेल. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं तेही त्याच पत्रात कळव, आणि बाबांना कानाचं मशीन लावायला लाव.

तुमची लेक