ग्रुपवर लिहितात तसं छापायला का देत नाहीत?

महोदय,

मोबाइलमुळे तरुणांची मराठी बिघडली, अशी तक्रार करणारी पत्रं या सदरात अधूनमधून येतात. वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे या वयाच्या मुलांचा मजकूर दरवर्षी हाताखालून जातो. तक्रार अगदीच खोटी नाही, पण दुखणं भलतीकडेच आहे.

इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलीने मागे पाणी न आलेल्या रात्रीची हकीकत सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. रोमन लिपीत, एका ओळीचा एक मेसेज. टँकर आला म्हणून बादल्या घेऊन निघालेले सातव्या मजल्यावरचे काका, मध्येच अडकलेली लिफ्ट, आणि दोन मेसेजमध्ये नेमका एवढाच थांबा की पुढच्यासाठी आपण टपून बसावं. स्मरणिकेसाठी मी तिच्याकडे लेख मागितला. आला तो ‘आजच्या धावपळीच्या युगात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ असा. चॅटजीपीटीकडून आणलेला माल लपत नाही. ग्रुपवरचंच का नाही दिलंस, असं विचारलं तर म्हणाली, “काका, ते काय छापायचं असतं का?”

शुद्धलेखनाचं आधी बोलून घेतो, कारण सगळे तिथेच अडतात. इंग्लंडमधल्या कव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी १० ते १२ वर्षांच्या ८८ मुलांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. मेसेजमधली आखूड रूपं सर्रास वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट सरस होती. पण ती इंग्रजीची गोष्ट. तिथे शब्द आखडले, लिपी तीच राहिली. आपल्याकडे लिपीच बदलते. रोमनमध्ये मुलं लिहितात त्यात ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच उरत नाही. देवनागरीत टाइप केलं तरी कीबोर्ड वरच्या पट्टीत तयार शब्द मांडतो, त्यातला बरोबर शब्द ओळखला की झालं. कागदावर पेन टेकवताना ती पट्टी नसते. (दहावीच्या कृतिपत्रिकेत हल्ली पत्र ई-मेलच्या धर्तीवर लिहायचं असतं, तेही पेनाने. असो.)

हे नुकसान भरून येण्यासारखं आहे. मला जास्त खटकतं ते वेगळंच. ग्रुपवर समोरच्याला काका कोण, लिफ्ट कुठली, सगळं माहीत असतं. काही राहिलंच तर तो विचारतो. ओळख नसलेल्या वाचकासाठी तीच रात्र उभी करायची, मधला दुवा कुणी विचारण्याआधी स्वतःच भरायचा, ही सवय मुलांना राहिलेली नाही. आणि जिथे ती मोकळेपणाने लिहितात तिथे मजकूर टिकत नाही. स्टेटस २४ तासांत जातं. मनातलं इन्स्टाग्रामवर निवडक मित्रांच्या ‘क्लोज फ्रेंड्स’ यादीपुरतं असतं, कारण उघड अकाउंट मावशी-आत्या बघतात आणि स्क्रीनशॉट फिरवतात.

मिळकतही आहे, तीही याच भागातली. ठाणे-नवी मुंबईच्या गावठाणांतली मुलं रील्सखाली बिनधास्त आगरीत लिहितात. आगरीत साहित्य आहे, पण शाळेच्या वहीत या बोलीवर लाल रेघच यायची. बापाने जी भाषा वर्गात दाबून ठेवली ती पोरगा शेकडो अनोळखी लोकांसमोर लिहितो, आणि त्याला तशीच उत्तरं येतात.

मग छापायचं म्हटलं की ही मुलं का दबकतात? आम्हा मोठ्यांमुळे. आमच्या ग्रुपवर एका मुलाने आजोबा गेल्याचं चार ओळींत कळवलं. श्रद्धांजलीच्या हात जोडलेल्या इमोजींमध्ये एका सद्गृहस्थांनी त्याचा वेलांटीचा दोष दाखवला. पुढच्या वेळी तो मुलगा काय करेल? यंत्राकडून गुळगुळीत मजकूर घेईल, ज्यात वेलांटी बरोबर असेल आणि आजोबा नसतील.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांसाठी चालू आहे. वाचनाची सोय या शहरात जुनी आहे. तरुणांच्या लिहिण्याची सोय मात्र स्पर्धांपुरती, आणि स्पर्धेचे विषय ‘मोबाइल : शाप की वरदान’ छापाचे. त्यावर धावपळीचं युग नाही येणार तर काय?

म्हणून आपल्याला एक विनंती. या सदरातला थोडा भाग दर आठवड्याला पंचविशीच्या आतल्या वाचकांसाठी ठेवा. विषय देऊ नका. रोमनमध्ये आलं तरी घ्या, देवनागरी आपल्या टेबलावर करता येईल. बोली असेल तर तशीच राहू द्या. फक्त एक अट घाला, की आपल्या इमारतीत, कॉलेजात किंवा लोकलमध्ये घडलेलं काहीतरी असं लिहा की नागपूरच्या वाचकालाही कळेल. शुद्धलेखन आपले मुद्रितशोधक बघतीलच, माझ्या या पत्राचंही त्यांना बघावं लागणार आहे.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)