'फिट'चा शिक्का बसला, पुढे काय?

संपादक साहेब, नमस्कार,

आखातातल्या कामगारांबद्दल पेपरात येतं ते एकतर पगार थकल्याचं नाहीतर अपघाताचं. ही माणसं रोज दवाखान्यात कशासाठी येतात ते कुणी लिहीत नाही. मी इथल्या एका क्लिनिकमध्ये नर्स आहे, आमचे पेशंट म्हणजे सेंट्रिंगवाले, वेल्डर, ड्रायव्हर, क्लीनर, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

निघण्याआधी जी मेडिकल होते तिच्यावर घरच्यांचा फार भरवसा असतो, फिट आला म्हणजे झालं. पण ती तपासणी मुळात माणूस टीबी, एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ घेऊन तर येत नाही ना हे बघायला असते. बीपी-शुगर बघतात, पण ती त्या दिवसाची. पुढे व्हिसा रिन्यू करताना पण मुख्य भर छातीचा एक्स-रे आणि रक्तातले संसर्ग यावरच. मधल्या काळात चाळिशीतल्या माणसाचं बीपी १८० वर जाऊन बसतं आणि त्याला पत्ताच नसतो, कारण दुखत तर काहीच नाही ना. गोळी चालू केली तरी पहिलं पाकीट संपलं की बंद, वर "आता बरं वाटतंय सिस्टर".

उन्हाळ्यात मुतखड्याची तर रांगच लागते. माणूस धड बसू शकत नाही, झोपू शकत नाही, कंबर धरून नुसता येरझारा घालतो आणि लघवीची बाटली बघितली तर कोऱ्या चहासारखी. पाणी का पीत नाहीस विचारलं तर उत्तर ठरलेलं, पाणी आहे ओ साईटवर, थंडगार आहे, पण टॉयलेट खाली आहे, सेफ्टी बेल्ट सोडा, उतरा, परत चढा, तोवर फोरमन बोंबलतो, त्यापेक्षा न पिलेलं बरं. यात पाण्याची चूक नाही की कामगाराची नाही, टॉयलेट कुठे बांधलं त्याची आहे! त्यात पाठदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक खाणारे कितीतरी. अंगात पाणी कमी आणि वर रोजची पेनकिलर, किडनीची वाट लागायला अजून काय पाहिजे.

दुपारी काम बंद ठेवायचा नियम आहे, नाही असं नाही. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, सौदीत त्याच तारखांना बारा ते तीन, कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, आणि तिथे २०२१ पासून ऊन, दमटपणा, वारा मिळून जो इंडेक्स काढतात तो ३२.१ अंशांच्या वर गेला की कधीही काम थांबवायचं. चांगलंच आहे, पण दमट दिवशी सकाळी आठला पण घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं? सगळ्यात जास्त धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत असतो, शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. महिनाभराच्या सुट्टीवरून आलेल्या जुन्या माणसाची सवय पण मोडलेली असते हे तर सुपरवायझरच्या गावीही नसतं, तो म्हणतो हा तर आपला जुना गडी, लाव कामाला.

बाकी नायटा, खरूज वर्षभर. खरजेत एकट्याला औषध देऊन काही होत नाही, अख्ख्या खोलीला एकदम द्यावं लागतं, नाहीतर पंधरा दिवसांत परत तेच. नायट्यावर कुणीतरी सुट्टीवरून आणलेली स्टेरॉइड मिक्स ट्यूब लावतात, खाज थांबते आणि आतून पसरत राहतं. वेल्डर रात्रीच येतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय म्हणत, कारण चकाकीचा त्रास काही तासांनी सुरू होतो.

आणि "गॅस". छातीत दाबल्यासारखं होतं, गॅस असेल, एक इंजेक्शन द्या ड्युटीवर जायचंय. ईसीजी काढू म्हटलं की चुळबुळ सुरू, कारण अॅडमिट केलं तर पगार कापतील ही भीती. आपल्याकडच्या लोकांना हार्ट अटॅक लवकरच्या वयात येतो, त्यामुळे पस्तिशीचा असला तरी मी सोडत नाही, बसवून काढतेच. कधी ईसीजी नॉर्मल निघतो, मग हळूच बोलायला लागतात, एजंटचं कर्ज, झोप नाही, बायकोशी भांडण. त्यावर आमच्याकडे औषध नाही, पाच मिनिटं ऐकून घेतो एवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की जाणाऱ्यांना सरकार जे ट्रेनिंग देतं त्यात पासपोर्ट, कॉन्ट्रॅक्ट याच्या जोडीला दर तीन महिन्यांनी बीपी-शुगर बघून घ्या हे पण सांगा. घरच्यांनी फोनवर बीपीचा आकडा विचारा, आणि कुणाच्या हाती गोळ्या पाठवताना डॉक्टरची चिठ्ठी सोबत द्याच. ट्रॅमाडॉल (ही जोरदार पेनकिलर) किंवा कोडीन (हे काही खोकल्याच्या औषधांत असतं) असलेली औषधं यूएईत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, साध्या खोकल्याच्या बाटलीवरून माणूस एअरपोर्टवरच अडकायचा.

पत्र छापलंत तर नाव छापू नका प्लीज, नोकरीचा प्रश्न आहे.

आखातातली एक नर्स