‘अनलेस’च्या पोटातला ‘नाही’

सदाशिव पेठ, पुणे
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा अभ्यासिकेत होतो, म्हणून हे पत्र. स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरात इंग्रजीने पुन्हा दगा दिला म्हणालास. माझंही तेच रे. काल ३० पैकी ११ चुकले, त्यातले ७ नुसते उभयान्वयी अव्ययं नि वाक्प्रचारांचे. चार चुकले की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. हिशेब तूच कर.

रात्री ते सातही पुन्हा सोडवले, तर बहुतेक चुकांमागे आपली मराठीच बसलेली दिसली. ‘जरी पाऊस होता तरी तो आला’ हे डोक्यात असतं, म्हणून ‘ऑल्दो’ दिसलं की हात ‘बट’कडे जातो. तिथे ‘यट’ चालतं, नाहीतर नुसता स्वल्पविराम.

‘अनलेस’ तर महालबाड. ‘अभ्यास केला नाहीस तर’ मधला ‘नाही’ त्याने आधीच गिळलेला असतो, आणि आपण वर ‘डू नॉट’ घालतो! ‘लेस्ट’च्याही पोटात ‘नाहीतर’ आहे. पुढे ‘शुड’ येतं, ‘नॉट’ नाही. ‘अनटिल’साठी मी युक्ती काढलीय: मनात ‘तो येत नाही तोपर्यंत’ म्हणायचंच नाही, ‘तो येईपर्यंत’ म्हणायचं. ‘नाही’ आपोआप गळतो.

‘नो सूनर’ म्हणजे ‘होतं न होतं तोच’, त्याच्यापुढे उत्तरपत्रिकेत ‘व्हेन’चा गोल रंगवून आलो. अरे, ‘सूनर’ ही तुलना, तिला ‘दॅन’च लागणार! ‘व्हेन’ लागतं ‘हार्डली’ला. क्लासमध्ये मात्र नुसत्या जोड्या पाठ करून घेतल्या.

‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे नक्राश्रू, ‘व्हाइट एलिफंट’ म्हणजे पांढरा हत्ती, हे फुकटचे गुण. पण ‘टु पुल समवन्स लेग’ला मी ‘प्रगतीत अडथळा आणणे’ हा पर्याय निवडला. आपल्याकडे पाय ओढतात ते खाली पाडायला, त्यांच्याकडे थट्टा करायला. पेपर काढणाऱ्याला आपली ही खोड बरोबर ठाऊक असते. ‘लूज हार्ट’ म्हणजे खचणं, आणि मधे ‘वन्स’ घुसून पुढे ‘टु’ आलं की प्रेमात पडणं. तुला सध्या दोन्ही लागू. चिडू नकोस, पाय ओढतोय, इंग्रजीतला.

शनिवारी गावी येतोय. तुझी चुकांची वही काढून ठेव, माझी घेऊन येतो. आणि काकूंना सांग, थालीपिठाला लोणी हवंच.

तुझा,
पक्या