सांगलीच्या हरभट रोडवरच्या संगणक दुकानातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात तुमच्यासमोर उभा राहिलो की आभाराचे शब्द तोंडातून निघत नाहीत, आणि निघाले तरी तुम्ही ते ऐकून घेणार नाही. म्हणून हे पत्र, चार लोकांनी वाचावं असं.

२०१८च्या दिवाळीआधी मी तुमच्याकडे आलो. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नांचं शूटिंग करत होतो आणि एडिटिंग जुन्या ड्युअल कोअर लॅपटॉपवर चालायचं. त्याची बॅटरी मेलेली. रात्री दहाला एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्याची तयार व्हिडिओ फाइल काढणं, लावायचं आणि पहाटे बघावं तर मध्ये लाईट गेलेली, पुन्हा पहिल्यापासून. एका लग्नाचा व्हिडिओ महिनाभर उशिरा दिला, तेव्हा नवरीच्या आईसमोर मान वर करवेना.

खिशात बाबांनी उसाच्या बिलातून दिलेले पैसे होते आणि हातात दुसऱ्या एका दुकानातलं कोटेशन. त्यात प्रोसेसर पेंटियम गोल्ड जी५४००. ‘टास्क मॅनेजरला चार चौकोन दिसतात, म्हणजे क्वाड कोअरच,’ असं तिथे सांगितलं होतं. टास्क मॅनेजर म्हणजे विंडोजमधली प्रोसेसरचं काम दाखवणारी खिडकी, आणि क्वाड कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे चार भाग. तुम्ही कागद वाचलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, “काम काय करणार?”

मग दुरुस्तीला आलेला तोच प्रोसेसर असलेला एक संगणक सुरू करून तुम्ही बोट ठेवलंत: कोअर्स २, लॉजिकल प्रोसेसर्स ४. एकेका कोअरला दोन-दोन कामं एकत्र धरायला लावली की चौकोन चार दिसतात, राबणारे मात्र दोघंच. शेजारच्या संगणकातल्या आय३-८१०० प्रोसेसरवर चारही कोअर खरे. गिगाहर्ट्झ, म्हणजे वेगाचा आकडा, बघावेत तर जी५४०० चे ३.७ आणि आय३ चे ३.६. मी एकटा असतो तर तो मोठा आकडा बघूनच पैसे मोजून आलो असतो. तुम्ही माझीच क्लिप दोन्हींवर लावलीत. दोन कोअरवाल्याला दीडपटीहून जास्त वेळ लागला.

“ऊस लावता ना? मग ऐक,” म्हणालात. “भांगलणीला दोनाच्या जागी चार बायका आल्या की रान लवकर उरकतं. एक्स्पोर्ट तसं आहे, फ्रेमा वाटून देता येतात. गुऱ्हाळात काहिलीपाशी गुळव्या मात्र एकच. पाक कधी उतरवायचा ते त्यालाच कळतं. चार गुळवे उभे केले म्हणून गूळ चौपट लवकर होत नाही.” गेमच्या मुख्य धाग्याचं, म्हणजे एकामागून एकच करावी लागणारी जी कामं असतात त्यांचं, तसंच असतं, हे सोबत आलेल्या माझ्या गेमवेड्या धाकट्या भावाला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. गेमला एका कोअरचा वेग हवा आणि त्याआधी चांगलं ग्राफिक्स कार्ड. पण गुळव्याच्या हाताखाली जाळ घालणारे, मळी काढणारे लागतातच. गेममध्ये आवाज, गाड्यांच्या धडका, डिस्कवरून नवा परिसर उचलणं ही कामं बाकीच्या कोअरवर जातात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, हव्यात तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दोनच कोअर असले आणि दोन्ही भरलेले असले की नेमक्या वळणावर चित्र अडखळतं. २०१५ साली संगणकावर आलेल्या जीटीए फाइव्ह या गेमने किमान गरज म्हणून कोअर टू क्वाड क्यू६६०० लिहिला होता. २००७चा जुना प्रोसेसर, पण चार कोअरचा. एवढं ऐकल्यावर धाकटा गप्प बसला.

दोन प्रोसेसरांच्या किमतीतला फरक चारएक हजारांचा होता. तो तुम्ही रंगीत दिव्यांचं कॅबिनेट (संगणकाचा डबा) रद्द करून भरून काढलात. रॅम ८ जीबीच, पण ४-४ जीबीच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाटांनी डेटा येतो. आणि विंडोजसाठी छोटी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण. निघताना जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सी करायला शिकवलंत: जड क्लिपांच्या हलक्या प्रती काढून त्यांवर एडिटिंग करायचं, शेवटच्या एक्स्पोर्टला मूळ क्लिपा आपोआप लागतात. ते शिकून मी खरेदी सहा महिने पुढे ढकलू शकलो असतो. हे तुम्हाला कळत होतं, तरी शिकवलंत, काका. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं तेव्हा तुम्ही स्वतःचा माल खाली ठेवून गिऱ्हाइकांच्या हार्ड डिस्क आधी माडीवर नेल्यात. त्यांत माझी एक होती, दोन लग्नांची. त्या दोन्ही घरांना हे मी सांगितलं आहे.

मागच्या आठवड्यात गावातला एक पोरगा जुना लॅपटॉप घ्यायला निघाला होता. ‘आय७ आहे, एडिटिंगला उडेल.’ मी नंबर विचारला: आय७-७५००यू. नाव आय७, कोअर दोनच. लॅपटॉपसाठीच्या, कमी वीज खाणाऱ्या या यू मालिकेत चार कोअर २०१७च्या आठव्या पिढीपासून आले. त्याला खाली बसवलं आणि आधी काम विचारलं. तो क्लिपा घेऊन परवा येणार आहे, त्याच्यासमोरच लावून बघू.

तपासणीचे पैसे तुम्ही तेव्हा घेतले नव्हते, आताही घेणार नाही. गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या काहिलीची काकवी घेऊन येतो. बरणी तेवढी परत करू नका.

तुमचा,
वाळव्याकडचा लग्नवाला पोरगा