माईंच्या पाठीबद्दल

दापोली

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

माईंना मुंबईत कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके दाबून-झटकून उपचार करणाऱ्याकडे, नेऊ का, असं विचारलंयस. ने, पण त्याने पाठीला हात लावण्याआधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि पाठीचा एक्स-रे करून घे. डेक्सातला टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही रेघ 1994 मध्ये आखली. उंची कमी झालीय, पोक आलंय, म्हणजे एखादा मणका दबलेला असू शकतो. असे मणके कितीदा तरी फारसे न दुखताच दबतात, आणि घरचे वयावर ढकलून मोकळे होतात. त्यावर ‘कट्ट’ आवाज काढणारा झटका बसला तर नवं फ्रॅक्चर व्हायचं.

मी त्या लोकांच्या विरोधात नाही हो. 1895 मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्टला डॅनियल पामरने ही उपचारपद्धत सुरू केली तेव्हा दावे अचाट होते, अगदी बहिरेपण गेल्याचेसुद्धा! पण त्यांच्यातला जाणता माणूस ठिसूळ हाडांवर झटका देतच नाही. हलक्या हाताने काम करतो, पाठीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवतो, शंका आली की फिजिशियनकडे चिठ्ठी देतो.

अडतं ते इथेच, फिजिशियनकडून उलट चिठ्ठी परत येत नाही. माई दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतायत, त्याने हाडं झिजतात. हे कायरोप्रॅक्टरला कोण सांगणार? उलट, फिजिशियनने दर सहा महिन्यांनी घ्यायचं हाडांचं इंजेक्शन डेनोसुमॅब सुरू केलं आणि पुढचं इंजेक्शन राहिलं, तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. फिजिशियनची गाठ तीन-चार महिन्यांनी, कायरोप्रॅक्टरची दर आठवड्याला. इंजेक्शनची तारीख कायरोप्रॅक्टरने विचारली तर काय बिघडलं? अ‍ॅलेंड्रोनेट ही हाडांची गोळी दिली, तर उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हेही माईंना दोघांनी बजावावं. एकाचं त्या ऐकायच्या नाहीत, तुला ठाऊकच आहे.

खाण्याची मला काळजी नाही. नाचणी आणि काट्यासकट मांदेली त्या आवडीने खातात. काळजी आहे ती तुमच्या मागीलदारच्या चिऱ्याच्या पायऱ्यांची. पावसात शेवाळ धरतं. आधी तिथे कठडा बसव, न्हाणीत धरायला दांडा लाव.

जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठव. दोघांनाही एकच पत्र लिहून देतो, खाली फोन नंबरसकट. कायरोप्रॅक्टर ते वाचायला तयार नसला, तर माईंना तिथून उठवून सरळ घरी आण.

तुझा,
विनायक