त्या रात्री कॅज्युअल्टीला असलेल्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, नाव लिहीत नाही पण वाचलंत तर ओळखाल. घोडबंदर रोडवरून रिक्षाने आणलेला तो शुगरवाला पेशंट, पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसलेला, तो माझा दादा. ताप होता, थुंकीसुद्धा गिळवत नव्हती म्हणून नॅपकिनने लाळ पुसत होता आणि आवाज तर तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येत होता. आधी एका ठिकाणी टॉर्च मारून घसा साधाच आहे म्हणून गोळ्या दिलेल्या.

टॉर्च तुम्हीही मारलात, तुम्हालाही फार काही दिसलं नाही, पण तुम्ही तिथे सोडून दिलं नाहीत. कंठाच्या जरा वर हलकंच बोट लावलंत तर तो केवढा कळवळला. दुखतंय एवढं आणि घसा दिसतोय बरा, म्हणजे गडबड खाली आहे असं म्हणालात आणि लगेच ईएनटी आणि भूलवाल्या डॉक्टरांना फोन लावलेत. तेवढ्यात वॉर्डबॉय मामा त्याला स्ट्रेचरवर आडवं करायला लागले तर तुम्ही जवळजवळ ओरडलात, "झोपवू नका, बसलाय तसाच बसू दे!" नंतर समजावलंत की गिळताना श्वासनलिका झाकणारा पडदा, एपिग्लॉटिस, तो सुजलाय, आडवं केलं तर श्वासच अडकू शकतो. मॅडम, ते एक वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

एक्स-रेला पण त्याला कुठे पाठवलं नाहीत, मशीन बेडपाशी आणलं. ईएनटीच्या सरांनी बसल्या बसल्याच नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि सूज दिसलीच. सलाईनमधून सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक, स्टेरॉइड, मग आयसीयू. श्वासासाठी ट्यूब लागलीच तर ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, तो जागा असताना, दुर्बिणीने टाकणार आणि गळ्याला छेद द्यायची तयारीही शेजारीच ठेवणार, हे तुम्ही आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलंत. ऐकून हातपाय गार पडले पण अंधारात नाही ठेवलंत. ट्यूब लागली नाही, सूज उतरली. स्टेरॉइडने शुगर चढली तेव्हा आई घाबरली, तिलाही तुम्हीच शांतपणे सांगितलंत.

हा आजार पूर्वी मुलांचा समजायचे, हिब नावाच्या जंतूवरच्या लसीने मुलांमध्ये खूप कमी झाला, पण मोठ्यांना होतो. हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय.

खूप खूप आभार मॅडम. त्या रात्रीच्या सिस्टरना आणि मामांनाही सांगा. आईने जेवायला बोलावलंय, सुट्टी असेल तेव्हा या, दादा स्वतः न्यायला येतो म्हणालाय.